घट

आमच्या दुकानात सोनं तोलताना पंखा बंद करतात.
वैशाखातसुद्धा.
जळगावचं ऊन सराफ बाजारात पत्र्यांवरून सांडत असतं,
गिऱ्हाइकाच्या कपाळावरचा घाम भुवईपाशी येऊन थबकतो,
आणि पन्नालालशेठ बोट वर करतात :
लोकेश, पंखा.
काचेच्या पेटीतला काटा
शेवटचे दोन आकडे शोधत बसतो
आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे.
एकतीस वर्षं मी असा पगारी श्वास धरलाय.

कुणाकुणाचं काय काय तोललं.
मुलीच्या लग्नाआधी आलेलं, लग्नानंतर परत आलेलं,
भावाभावांच्या वाटणीत मधोमध कापलेली एक मोहनमाळ,
तिचे मणी शेठनी चहाच्या बशीत वेगळे केले होते.
वजन चुकलं नाही कधी.
मला खात्री आहे ती तेवढ्याचीच.

सुपडू झांबरे सावद्याहून आला,
एसटीच्या धुळीसकट.
बंडीच्या आतल्या खिशात रुमाल,
रुमालात पाटल्यांचा जोड,
आणि एक चिठ्ठी, घडीवर फाटलेली,
आमच्याच दुकानाची, शेठच्या वडलांच्या अक्षरातली :
तोळे चार. सौ. दुरपताबाईकरिता.

‘इकाच्या नाई, भो. नुसत्या तोलून दे.’
‘बाई?’ मी विचारलं.
‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली.’

पंखा बंद.
शेठनी चिठ्ठी पाहिली, आकडा पाहिला,
तोळ्यांचे ग्रॅम डोक्यातच केले,
म्हणाले, सव्वा ग्रॅम घट आहे, बाबा. वापरात झिजतं.
आजच्या भावानं धरलं तर...
आणि भाव सांगितला, सवयीनं.

म्हातारा ते ऐकत नव्हता.
त्यानं पाटली उचलून उजेडाकडे केली.
एका बाजूनं कड कागदासारखी पातळ.
नक्षीतली वेल तिथंच पुसलेली
जिथं परात लागते.

‘सव्वा ग्रॅम,’ तो म्हणाला.
‘मंग ते गेलं कुठी?’

दुकानात असं कुणी विचारत नाही.
आमच्याकडे घट वजा होते आणि विषय मिटतो.

त्यानंच हिशोब लावला, बोटांच्या पेरांवर, सावकाश :
कळण्याचं पीठ. दोन टाइम. बावन्न वर्सं.
मधी एक साल मिलो, तेबी मळलंच तिनं.
पाटा. खापर घासाची राख.
धाकला तापानं फणफणला तव्हा रातभर
त्याच्या पाठीवर...
तिथं थांबला. ते पेर मोजलं नाही.

मग हसला. पुढचे दात नव्हते.
‘भाकरीतच गेलं असन, भो.
म्हंजे आम्हीच खाल्लं.
सव्वा ग्रॅम सोनं खाऊन बसलेला मानूस
हाये का कोनी तुह्या बाजारात?’

शेठ हसले. नंतर हसायचे थांबले.
पाटल्या रुमालात गेल्या, रुमाल बंडीत.
तोलायचे किती, त्यानं विचारलं,
शेठनी नुसता हात हलवला.
लोकेश पंखा लावायला विसरला. बराच वेळ.
कुणी त्याला ओरडलंही नाही.

संध्याकाळी दुकान झाडलं.
आमचा केरसुद्धा विकला जातो,
झारेकरी वर्षाचा सौदा करून नेतात,
धुळीतलं सोनं हा बाजार धुळीत राहू देत नाही.
आज पहिल्यांदा वाटलं,
थोडं सुटावं.

पिंप्राळ्याला घरी. हात धुतले.
हिच्या हातात काचेच्या चार, बोटात एक अंगठी,
साखरपुड्यातली, आता रुतलेली,
साबण लावूनही निघत नाही.
तिचं वजन मला माहीत आहे. म्हणजे, होतं.
ताटात शेवभाजी, भाकर, फोडलेला कांदा.
दुसऱ्याच घासाला दाताखाली काहीतरी कचकन लागलं.
‘चक्कीला काल टाकी लावलीय ना,’ ती म्हणाली,
‘दगड असेल. थुंका.’

मी थुंकलो नाही.